कडेच्या तुकड्यासाठी एटापल्लीपर्यंत

मी मेंदूच्या गाठींवर काम करते, पण डॉक्टर नाही. हे वाक्य या प्रवासात मी इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी आमचे ड्रायव्हर प्रमोदभाऊच माझ्या आधी गाडीतून उतरून लोकांना सांगायला लागले, "म्याडम तपासत नाई, नुसता अभ्यास करते." लोक समजल्यासारखी मान हलवायचे आणि बीपीची फाईल माझ्या हातात द्यायचे.

तेव्हा आधी कामाचं सांगते, म्हणजे एका सहीसाठी कोणी एवढ्या लांब का जातं ते कळेल. नागपूरच्या एका हॉस्पिटलातून आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या गाठींचे तुकडे येतात. ऑपरेशनमध्ये काढलेले, रुग्णाची परवानगी घेऊन. बहुतेकांना गाठीचा मधला भाग लागतो. मला कड लागते. जिथे गाठ संपली आणि चांगला मेंदू सुरू झाला असं सर्जनच्या डोळ्याला वाटतं, ती जागा. खरं तर तिथे काहीच संपलेलं नसतं. गाठीच्या काही पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने, मज्जातंतूंच्या वाटांनी केव्हाच पुढे सरकलेल्या असतात. आणि ज्या चांगल्या पेशींनी त्यांना अडवायचं, त्याच त्यांना वाट मोकळी करून देत असतात, वाढायला लागणारं सामान पुरवत असतात. हे का होतं, हा माझा प्रश्न.

आता अडचण. आमच्या जुन्या परवानगीपत्रात "गाठ" असा शब्द होता, "गाठीच्या आजूबाजूचा भाग" असा नव्हता. आमच्या नैतिकता समितीने त्यावर बोट ठेवलं. बरोबर ठेवलं, पण एवढं काम होऊन गेल्यावर ठेवलं. ज्यांच्या कडेचे तुकडे आमच्याकडे आहेत, त्या सगळ्यांची नवीन सही आणा, नाहीतर ते तुकडे वापरायचे नाहीत. बाकीच्यांच्या सह्या नागपुरातच मिळाल्या. उरले सावली तालुक्यातले वामनभाऊ, मुक्काम एक खेडं, धंदा तलावातली मासेमारी. फोन बंद. पाठवलेलं पत्र "पत्ता अपुरा" म्हणून परत. आणि सगळ्यांत चांगला तुकडा नेमका त्यांचाच होता.

मार्चअखेरची सुट्टी टाकली आणि निघाले.

सावली

चंद्रपूर स्टेशनवर सकाळी सातला उतरले, तर ऊन आमच्याकडच्या अकराचं होतं. प्रमोदभाऊ पाटी घेऊन उभे होते. पाटीवर माझं नाव, आधी "डॉ." आणि खाली "मेंदूवाल्या".

मूल गाव ओलांडलं की दोन्ही बाजूंना धानाची शेतं लागतात. या दिवसांत ती मोकळी, भेगाळलेली असतात आणि मधूनमधून जुन्या तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, दिसतात. तलाव इतके, की प्रमोदभाऊंना "तो तलाव कुठला" विचारलं की ते आधी "कोणता?" विचारत. वामनभाऊंचं घर अशाच एका पाळीखाली होतं. अंगणात दोरीवर जाळं वाळत घातलेलं, आणि दाराला कुलूप.

शेजारच्या आजीबाई बाहेर आल्या. "थे तं नाई इथी. पोरीकडं गेले. लय बिमार हाय वामन. झटका आल्ता."

"पोरगी कुठे असते?"

"तिकडं. एटापल्लीकडं. नर्स हाय नं थे."

मी प्रमोदभाऊंकडे पाहिलं. त्यांनी आकाशाकडे पाहिलं. मी पुण्याहून निघण्याआधी नर्स असलेल्या मुलीचा फोन नंबर हॉस्पिटलच्या कागदांत शोधला नव्हता. तो होता. दुसऱ्या पानावर, "नातेवाईक" या रकान्यात, स्वच्छ अक्षरात. हा दोष समितीच्या माथी मारता येईना, म्हणून जास्तच चिडले.

आजीबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. आमच्याकडे अनोळखी माणसाला चहा विचारतात, आणि तो नको म्हणाला तर बरं वाटतं. इथे विचारलंच नाही. ताटलीत भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि तळलेले बारीक मासे समोर आले. मी मासे सहसा खात नाही. खाल्ले, आणि परत मागून घेतले. मग त्यांनी त्यांच्या गुडघ्यांचा एक्सरे आणला.

आष्टीच्या पुढे

वैनगंगा ओलांडली, गडचिरोली गेलं, चामोर्शी गेलं. आष्टीनंतर रस्त्यावर आमच्याशिवाय फक्त ट्रक होते. लोखंडाच्या खाणीचे, लाल धुळीने माखलेले, एकामागे एक. साग आणि मोह दोन्हीकडे उभे होते, पण रस्त्यालगतच्या झाडांची पानं विटेच्या रंगाची झालेली. काच खाली केली की धूळ, वर केली की उकाडा. गाडीचा एसी चामोर्शीला बंद पडला होता. "गॅस संपला असन," प्रमोदभाऊ म्हणाले, आणि हा विषय त्यांच्यापुरता मिटला.

आलापल्लीच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. मी कागद नीट आहेत का पाहायला फाईल उघडली. टपरीवाला माझ्या खांद्यावरून वाचत होता.

"पर्यावरण?" तो म्हणाला. "खदानवाल्याइचे का तुमी?"

"नाही हो. हे मेंदूचं आहे."

"इथं तं लिवलं हाय. सूक्ष्म-पर्यावरण." त्याने बोट ठेवून दाखवलं. तोवर आणखी तिघेचौघे जमले. एकाने विचारलं, सुनावणी आहे का. दुसरा म्हणाला, मागच्या वेळीही अशाच एक बाई आल्या होत्या, सह्या घेऊन गेल्या, मग काही कळलं नाही. मी सांगत होते की गाठीच्या आजूबाजूच्या पेशी, रक्तवाहिन्या, त्यांच्यातलं द्रव्य या सगळ्याला मिळून तसं म्हणतात. माझं मलाच ते थापा मारल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी प्रमोदभाऊंनी चहाचे पैसे ठेवले आणि म्हणाले, "चला म्याडम. हे लोकं सही देत नाई आता कोनालेच."

गाडीत बसल्यावर मी ते पान पुन्हा वाचलं. "अर्बुदाच्या सूक्ष्मपर्यावरणातील ऊतींचा अभ्यास." हे भाषांतर दुसऱ्या कोणाचं असतं तर मी पुण्यापर्यंत शिव्या दिल्या असत्या. ते माझंच होतं. शब्दकोश जवळ घेऊन, अभिमानाने केलेलं.

एटापल्लीच्या अलीकडे

पौर्णिमा, म्हणजे वामनभाऊंची मुलगी, आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. पोचलो तेव्हा चार वाजले होते. पडवीत खाटेवर वामनभाऊ टेकून बसले होते: काळे, काटक, डाव्या हाताची बोटं सैल पडलेली. टाळूवर ऑपरेशनचा व्रण केसांतून दिसत होता. हा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांच्या डोक्यातला एक भाग मात्र मी वर्षभर पाहत आले होते.

ते जाणवलं आणि मी नमस्कार करायचीच विसरले.

"दवाखान्यातल्या म्याडम का?" त्यांनी विचारलं.

"दवाखान्यातली नाही, वामनभाऊ. पुण्याची. तुमच्या गाठीचा जो तुकडा काढला ना, तो माझ्याकडे आहे."

त्यांची बायको शशिकलाबाई दारातून बाहेर आल्या. साठीच्या आत-बाहेरच्या, पदर खोचलेला. "तुमच्याकडं हाय?" त्या म्हणाल्या. "आमी समजलो फेकला असन. मंग मले एक सांगा. सगळी गाठ काढली म्हनले होते डॉक्टर. मशीनीनं लाइटबी देल्ली. मंग परत काऊन आली? तुमी छेडलं म्हनून चिडली थे. चाकू लागला का पसरते, असं सगळे म्हनते."

"आई," पौर्णिमा म्हणाली.

"तू थांब. त्याइले विचारून राह्यली मी."

मी सांगायला तोंड उघडलं, आणि त्याच वेळी वामनभाऊंचा डावा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग खांद्यापर्यंत सगळा हात हिसके देऊ लागला. मान एका बाजूला वळली. पौर्णिमाने एका उडीत त्यांना कुशीवर घेतलं, डोक्याखाली हात दिला, घड्याळ पाहिलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले, तर ती ओरडली, "तोंडात काही घालू नका!" अकरा वर्षं मेंदूवर काम करूनही मी तांब्या धरून उभी होते. प्रमोदभाऊंनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

दोन मिनिटांत थांबलं. ते घोरल्यासारखा श्वास घेत पडून राहिले.

"गोळी दिली होती ना सकाळी?" पौर्णिमाने विचारलं.

शशिकलाबाई पदराने वामनभाऊंचं तोंड पुसत राहिल्या.

"आई, झटक्याची गोळी दिली होती ना?"

"नाई."

"काल?"

"आठ दिवसांपासून नाई देल्ली. कोनतीच नाई देल्ली." त्यांचा आवाज चढला. "जितकी दवाई देतो तितकी थे वाढून राह्यली. आपनच खत टाकून राह्यलो तिले. बंद केलं तं उपाशी मरन, असं वाटलं मले."

पौर्णिमा खाली बसली. ती गावागावात जाऊन दुसऱ्यांना गोळ्या चुकवू नका म्हणून सांगणारी बाई. गोळ्यांचा डबा रोज आईच्या हातात देत होती. तिने तोंडावर हात ठेवला.

नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावायला हवा होता, आणि फोन लागत नव्हता. पडवीत नाही, अंगणात नाही. पौर्णिमा म्हणाली, हातपंपाच्या पलीकडे टेकाडावर लागतो, कधीकधी. आम्ही दोघी धावत चढलो. माझ्या फोनला काहीच नाही, तिच्या फोनला एक दांडी, तीही उत्तरेला तोंड केलं तर. तीनदा कट झालं. चौथ्यांदा डॉक्टर बोलले: झटक्याची गोळी लगेच सुरू करा, सुजेची गोळीही एकदम बंद करायची नसते, किती द्यायची ते लिहून घ्या, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडाने काही देऊ नका, आणि पुन्हा झटका आला तर वाट न पाहता अहेरीच्या दवाखान्यात न्या. पौर्णिमाने तळहातावर लिहून घेतलं. मग तिथेच उभं राहून रडली. मला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि ठेवलाही, पण मी मनातून कोणाकोणावर संतापले होते त्याची यादीच करता येईना. "चाकू लागला का पसरते" सांगणाऱ्यांवर, त्या एका दांडीवर, आणि ऑपरेशननंतर या बाईला दोन शब्द नीट न सांगणाऱ्या आम्हा सगळ्यांवर.

ऊन उतरेपर्यंत वामनभाऊ नीट शुद्धीवर आले, मग गोळ्या दिल्या, आणि त्यांनी भात मागितला. जेवण झाल्यावर मी शशिकलाबाईंच्या समोर जमिनीवर बसले. फाईल गाडीतच ठेवली होती.

"तुम्ही विचारलं होतं, परत का आली," मी म्हटलं. "छेडलं म्हणून नाही. गोळ्यांनी पण नाही. ज्या दिवशी ऑपरेशन झालं त्या दिवशीच तिचे बारीक कण बाजूच्या चांगल्या मेंदूत शिरलेले होते. डोळ्याला दिसत नाहीत. आणि सगळंच कापायला गेलं तर माणूस राहत नाही."

"मंग बाजूचा मेंदू काय करते? शिरू काऊन देते?"

हाच प्रश्न. हाच मी अनुदानाच्या अर्जात चौदा पानं लिहून विचारला होता.

"मेंदूत राखणीच्या पेशी असतात," मी म्हणाले. "बाहेरचं कोणी आलं की त्याला खायचं, हे त्यांचं काम. पण ही गाठ त्यांना काहीतरी निरोप पाठवते. त्या येतात, गोळा होतात, आणि खायच्या ऐवजी तिचंच काम करायला लागतात. वाट पोखरून देतात."

खाटेवरून वामनभाऊ बोलले. मला वाटलं होतं ते झोपलेत. "मच्छी सोसायटीच्या तलावावर मी राखनदार होतो, चार साल. राखनदारच चोराले मिळाला असन, तं कितीबी जाळे टाका. सकाळी मासोळी नाईच."

"मिळते कायले पन?" शशिकलाबाईंनी मलाच विचारलं. "त्याले काय भेटते?"

"तेच शोधते आहे."

"अजून नाई सापडलं?"

"नाही."

"बरं झालं खोटं नाई सांगतलं," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला उठल्या.

दुसरा दिवस

मी एटापल्लीच्या विश्रामगृहात राहिले. पंखा होता, वीज नव्हती. सकाळी सातला परत आले तेव्हा वामनभाऊ पडवीत चहा पीत होते, रात्री झटका आला नव्हता. हवेत मोहाचा गोड, जड वास होता. शशिकलाबाई शेजारणींबरोबर मोहफुलं वेचायला गेल्या होत्या.

"मॅडम, आत्ताच घेऊन टाका सही," पौर्णिमा हळूच म्हणाली. "आई आल्यावर नाही म्हणेल. बाबांना सही करता येते."

मी फाईल काढली, पेनचं टोपण काढलं. वामनभाऊंनी उजवा हात पुढे केला. तुकडा त्यांचा, सही त्यांची. नियमाप्रमाणे त्यात काही खोट नव्हती. चंद्रपूर, सावली, आष्टी, ट्रक, धूळ, सगळं या एका कागदासाठी केलं होतं.

"कशाची सही आहे, लक्षात आहे ना वामनभाऊ?" मी विचारलं.

ते हसले. "दवाखान्यातून सुट्टीची नं?"

मी टोपण लावलं. पौर्णिमा मान खाली घालून पाटीतला तांदूळ निवडायला लागली.

शशिकलाबाई नऊला आल्या, डोक्यावर टोपली. मी त्यांना आणि वामनभाऊंना एकत्र बसवलं आणि तो कागद वाचून न दाखवता काय आहे ते सांगितलं: गाठीबरोबर कडेचा जरासा मेंदू निघाला होता, तो मला तपासायचाय, तुम्ही नको म्हणालात तर तपासणार नाही. वामनभाऊंना मी पुन्हा पुन्हा विचारलं, आणि दोन वेळा त्यांनी बरोबर सांगितलं: "माह्या डोक्याच्या काठचं हाय. म्याडमले पाह्यचं हाय."

"ह्याइले त्याचा फायदा?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"नाही. यांना नाही."

"मंग कोनाले?"

"पुढे कोणाला तरी. होईलच असंही नाही."

त्या टोपलीतली फुलं सुपात ओतत होत्या. "तिथं ह्याइचं नाव लिवलं हाय का? त्या तुकड्यावर?"

"नाव नसतं. नंबर असतो. तुमची माहिती कोणाला कळू नये म्हणून."

"नंबर?" सूप खाली आलं. "मानसाचा मेंदू हाय थो, आन् नंबर? आमाले काय लपवाचं हाय? साऱ्या सावलीले मालूम हाय वामन बिमार हाय म्हनून!"

मी नियम समजावला. दुसऱ्यांदा समजावला. तिसऱ्यांदा समजावताना मलाच तो कळेनासा झाला. कपाळाला हात लावून बसले. प्रमोदभाऊंनी गाडीचं दार लावल्याचा आवाज केला. एसी नसल्यामुळे त्यांना ऊन चढायच्या आत निघायचं होतं.

"डब्यावर नाई तं नाई," शशिकलाबाई शेवटी म्हणाल्या. "या कागदावर लिवा. पौर्णिमा, लिव तू. मी सांगतो तसं."

कागदावर खाली चार बोटं जागा होती. पौर्णिमाने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिने लिहिलं:

"हे वामनचं आहे. त्याले तलाव कळते, कोनत्या पान्यात कोनती मासोळी थे न पाह्यता सांगते. हे त्याच्या डोक्यातलं आहे. जपून पाह्यजा, आन् त्याले विचारल्याशिवाय दुसऱ्या कोनाले देजा नोका."

वामनभाऊंनी तो मजकूर वाचून घेतला, मुलीकडून एकदा ऐकलाही, आणि खाली सही केली. अक्षरं पायऱ्यांसारखी उतरत गेली होती, पण पूर्ण नाव होतं, आडनावासकट.

निघताना शशिकलाबाईंनी एका कागदात वाळवलेले मासे बांधून दिले. ते पुण्यापर्यंत रेल्वेच्या डब्यातल्या सगळ्यांना कळले.

पुणे

समितीच्या कार्यालयाने अर्ज तीन दिवसांत परत केला. शेरा: "नमुन्यात अतिरिक्त मजकूर. पुन्हा सही घ्यावी."

मी तो शेरा खोडला नाही, फाडला नाही, ओरडले मात्र. नंतर एक पत्र जोडून तोच कागद पुन्हा दिला. तो पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी मी बैठकीच्या दिवशी दाराबाहेर बसून राहिले, आणि आत बोलावल्यावर पौर्णिमाने लिहिलेल्या ओळी वाचून दाखवल्या. समितीतल्या निवृत्त न्यायाधीश बाई म्हणाल्या, "यात अतिरिक्त काय आहे? हीच तर परवानगी आहे. बाकीचं छापील आहे." मंजूर झालं. फक्त शेवटची अट त्यांनी वहीत नोंदवून घेतली: विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाला नाही.

या सगळ्यात सात आठवडे गेले. मी पौर्णिमाला फोन केला, तो शशिकलाबाईंनी उचलला. वामनभाऊ जाऊन बारा दिवस झाले होते. त्यांना सावलीला नेलं होतं, शेवटच्या आठवड्यात झटके आले नाहीत, झोपेत गेले, असं त्यांनी सांगितलं. मंजुरीचं सांगावं की नाही, कळेना. मग सांगितलं.

"म्हंजे आता पाह्यता तुमी?"

"हो. उद्यापासून."

"काय दिसलं थे मले सांगा. पन फोनवर नोका सांगू. घरी या."

"शशिकलाबाई, वेळ लागेल. आणि काहीच दिसलं नाही तर?"

"तं काईच नाई दिसलं म्हनून सांगाले या," त्या म्हणाल्या. "तेबी बसूनच सांगाचं असते."